गडवाटांचे ट्रॅक आणि क्यूमॅपशॅक : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

राजगडाहून तोरण्याकडे जाणारी डोंगरधार ज्यांनी पायाखाली घातली आहे, त्यांना संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून बाहेर पडतानाची जागा नक्की आठवत असेल. पावसाळ्यात तेथे धुके इतके दाट असते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि गवतातून ढोरवाटा इतक्या फुटलेल्या असतात की त्यांतली मळलेली वाट कोणती, हे नव्या माणसाला ओळखता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात आमचा आठ जणांचा गट तेथे उभा होता आणि माझ्या फोनवर इंटरनेटवरून उतरवून घेतलेला एक ट्रॅक, म्हणजे कोणी तरी चालताना जीपीएसने टिपलेल्या बिंदूंची रेषा, उघडा होता. दरवाजाच्या खाली त्या ट्रॅकची रेषा एकाएकी साठ-सत्तर मीटर बाजूला जाऊन परत येत होती. वाट तिकडे नव्हती. तिकडे उतार तुटलेला होता. ज्याने तो ट्रॅक नोंदवला तो माणूसही तिकडे गेलेला नसणार. कातळाला लागून चालताना निम्मे आकाश झाकले जाते, उपग्रहांचे संकेत कड्यावर आपटून वळून येतात आणि यंत्र आपली जागा भलतीकडे टिपते. आम्ही धुके विरळ होईपर्यंत थांबलो आणि मगच पुढे निघालो. आपण दुसऱ्याच्या हाती देतो तो प्रत्येक ट्रॅक आधी घरी बसून, बिंदू न् बिंदू पाहून नीट करायचा, हे मी त्या दिवशी ठरवले. त्यासाठी, म्हणजे ट्रॅक नकाशावर पाहून दुरुस्त करण्यासाठी, मी वापरते त्या क्यूमॅपशॅक या सॉफ्टवेअरचे हे परीक्षण आहे.

क्यूमॅपशॅक हे ऑलिव्हर आयश्लर यांनी सुरू केलेले, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली मोफत मिळणारे सॉफ्टवेअर असून त्यांच्याच क्यूलँडकार्टे जीटी या जुन्या सॉफ्टवेअरची ती पुढची पिढी आहे. ते विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर चालते. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्सचे एक रूप आहे आणि तेथे ते नेहमीच्या पॅकेजांतूनच मिळाले. विंडोजसाठी वेगळी इन्स्टॉलर फाइल मिळते. इथपर्यंत कोणालाही अडचण येऊ नये. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिच्यामुळेच बरेच जण पहिल्या अर्ध्या तासात हे सॉफ्टवेअर सोडून देतात, असा माझ्या गटातला अनुभव आहे.

पहिल्यांदा उघडले की समोर कोरा पडदा येतो. नकाशा नाही, ट्रॅक नाही, डावी-उजवीकडे रिकाम्या चौकटी. हे सॉफ्टवेअर स्वतःबरोबर नकाशे आणत नाही. नकाशे कोठे ठेवले आहेत ते आपण त्याला सांगायचे, ही त्याची मूळ रीत आहे. घाईच्या माणसासाठी नकाशांच्या चौकटीतच एक सोय ठेवली आहे, जिचा मजकूर ‘मदत करा, मला नकाशे हवेत, माहितीपुस्तिका वाचायची नाही’ अशा अर्थाचा आहे. ती वापरली की काही ऑनलाइन नकाशे यादीत आपोआप येतात. तरीही नकाशा दिसत नाही, कारण यादीतला नकाशा सक्रिय करावा लागतो. यादीत नाव असणे आणि नकाशा सक्रिय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मनात बसले की पुढची निम्मी गोंधळाची जागा मोकळी होते, कारण उंचीच्या माहितीलाही हीच रीत लागू आहे.

ऑनलाइन नकाशांच्या बाबतीत एक सेटिंग सुरुवातीलाच पाहून घ्यावे. प्रत्येक नकाशासाठी किती मेगाबाइट जागा राखायची आणि उतरवलेले तुकडे किती दिवस जपायचे, हे ठरवता येते. गावाकडे किंवा पायथ्याच्या मुक्कामी जाण्यापूर्वी मी तो परिसर घरी एकदा पाहून घेते, म्हणजे नेटवर्क नसतानाही तेवढा भाग दिसत राहतो. मोठा प्रदेश एकगठ्ठा उतरवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशाचे सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात आणि असे उतरवणे त्यांच्या नियमात बसत नाही. ज्यांना पूर्ण ऑफलाइन काम करायचे आहे त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवरून बनवलेले, गार्मिनच्या जीपीएस यंत्रांत चालणारे आयएमजी नकाशे घ्यावेत. ते फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरचा मार्ग सांगितला की काम होते.

याच वेळी वेळेचे सेटिंगही करून घ्यावे. ट्रॅक ज्या फाइलीत साठवला जातो त्या जीपीएक्स फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे साडेपाचला राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून निघालेला माणूस फाइलमध्ये मध्यरात्री निघालेला दिसतो. वेळ स्थानिक दाखवायची, ठरावीक विभागाची दाखवायची की बिंदूच्या जागेवरून ठरवायची, असे पर्याय क्यूमॅपशॅकमध्ये आहेत. मी भारतीय वेळेसाठी असलेला कोलकात्याचा विभाग कायमचा निवडून ठेवला आहे.

आता मुख्य कामाकडे येते. जीपीएक्स फाइल उघडली की ती वर्कस्पेस नावाच्या चौकटीत एका प्रकल्पासारखी दिसते आणि तिच्यातले ट्रॅक व वेपॉइंट, म्हणजे नाव देऊन टिपलेल्या सुट्या जागा, खाली मांडलेले असतात. गार्मिनचे हातातले यंत्र यूएसबीने जोडले तर तेही याच चौकटीत दिसते. बाहेरून आलेल्या ट्रॅकला हे सॉफ्टवेअर कुलूप लावते. तो बदलायला गेले की ते विचारते, की ही नोंद येथे तयार झालेली नाही, आणलेली माहिती सहसा बदलू नये, तरीही पुढे जायचे का. सुरुवातीला मला हा प्रश्न नकोसा वाटत असे. आता तो मला फार मोलाचा वाटतो, कारण मूळ नोंद ही पुरावा आहे आणि पुराव्याला हात लावण्यापूर्वी माणसाने क्षणभर थांबलेच पाहिजे.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे बिंदू पुसण्याऐवजी लपवणे, आणि माझ्या मते क्यूमॅपशॅकचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. ट्रॅकवर क्लिक करून पट्टा निवडण्याचे साधन घ्यायचे, चुकीच्या भागाचा पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू दाखवायचा आणि मधले बिंदू लपवायचे. रेषा लगेच सरळ होते, अंतर आणि चढ यांचे आकडे नव्याने मोजले जातात, पण लपवलेले बिंदू फाइलमध्ये जिवंत राहतात. महिन्याभराने त्याच वाटेने पुन्हा गेले आणि आपण चुकून खरे वळणच लपवले होते असे लक्षात आले, तर ते बिंदू पुन्हा दाखवता येतात. शिवाय प्रत्येक ट्रॅकच्या तपशिलात इतिहासाचे एक पान असते. कोणता बदल कधी केला, हे तेथे ओळीने लिहिलेले असते आणि मागच्या कोणत्याही टप्प्यावर परत जाता येते. ट्रॅकमध्ये फेरफार करणारी अनेक साधने मी हाताळली, पण केलेल्या कामाचा असा हिशेब ठेवणारे दुसरे साधन मला मिळाले नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. बिंदूंची जागा हलवण्याचे वेगळे साधनही या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि नवखा माणूस आधी तेच उचलतो, कारण चुकलेला बिंदू माउसने ओढून वाटेवर आणून ठेवणे सर्वांत सोपे वाटते. त्या साधनाने केलेला बदल मूळ ट्रॅकवर जतन केला, तर मूळ माहितीच्या जागी केवळ अक्षांश-रेखांशांची साधी रेषा उरते. वेळ आणि बाकीच्या सर्व नोंदी कायमच्या जातात. सॉफ्टवेअर तशी सूचना स्पष्ट शब्दांत देते, पण आपण सूचना न वाचता पुढे जाण्याला सरावलेलो असतो. हे साधन नव्या वाटेची आखणी करण्यासाठी आहे, चाललेल्या वाटेची दुरुस्ती करण्यासाठी नाही. ते वापरायचेच असेल तर बदललेली रेषा नवा ट्रॅक म्हणून जतन करावी.

दर सेकंदाला एक बिंदू टिपणारा फोन दहा तासांच्या चालीत ३६,००० बिंदू जमवतो. त्यांतले बहुतेक निरुपयोगी असतात आणि विश्रांतीच्या जागांवर तर त्यांचा गुंताच होतो. राजगडाच्या पद्मावती माचीवर आपण तासभर बसून भाकरी खातो, त्या तासात फोन जागचा हलत नाही, पण त्याने टिपलेली जागा पाच-सात मीटरच्या परिघात फिरत राहते आणि ते सारे फिरणे एकूण अंतरात जमा होते. असे गुंते मी आधी हाताने लपवते. त्यानंतर डग्लस-पॉयकर ही गाळणी, म्हणजे फिल्टर, लावते. ही पद्धत १९७३ सालची आहे आणि तिचा विचार सोपा आहे: दोन टोके सरळ रेषेने जोडायची, त्या रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू शोधायचा, तो ठरवलेल्या अंतरापेक्षा दूर असेल तर राखायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हेच पुन्हा करायचे, जवळचे बिंदू सोडून द्यायचे. ते अंतर किती धरायचे, यावर सारे अवलंबून आहे. मोकळ्या पठारावर दहा मीटर धरले तरी बिघडत नाही, पण चोर दरवाजाकडे चढणाऱ्या वाटेची नागमोडी वळणे एवढी लहान आहेत की दहा मीटरची गाळणी ती गिळून टाकते आणि रेषा सरळ कातळावरून जाऊ लागते. मी सह्याद्रीतल्या चढासाठी तीन ते पाच मीटरच्या वर जात नाही. ही गाळणीही बिंदू लपवतेच, पुसत नाही. त्यामुळे निरनिराळे आकडे लावून पाहायला भीती वाटत नाही.

उंचीचा विषय मात्र अवघड आहे आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या विषयातल्या चुका आपल्या डोंगरांत सर्वाधिक होतात.

क्यूमॅपशॅकमध्ये भूभागाच्या उंचीची माहिती जोडता येते. मी त्यासाठी एसआरटीएमची माहिती वापरते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली, तीच ही माहिती. तिच्यातली एक चौकट जमिनीवर सुमारे ३० मीटरची असते. फाइलींची नावे नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशांवरून दिलेली असतात. राजगड आणि तोरणा हे दोन्ही उत्तर १८, पूर्व ७३ या एकाच फाइलीत बसतात. या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून त्यांची व्हीआरटी नावाची अनुक्रमणिका बनवावी लागते, त्या फोल्डरचा मार्ग सांगावा लागतो आणि मग नकाशासारखेच येथेही सक्रिय करावे लागते. ही अनुक्रमणिका बनवताना माझा एक पूर्ण रविवार गेला, कारण सॉफ्टवेअर उंचीच्या फाइली थेट वाचत नाही, व्हीआरटी फाइलच शोधते, हे मला उशिरा समजले. एकदा जमले की नकाशावर डोंगरांची छाया उमटते, उताराप्रमाणे रंग भरता येतात आणि माउस जेथे असेल तेथील उंची खालच्या पट्टीत दिसते.

एवढे झाले की ट्रॅकमधली सगळी उंची या माहितीवरून बदलून घेणारी गाळणी हाताशी येते आणि एका क्लिकमध्ये आलेख गुळगुळीत दिसू लागतो. पठारावर किंवा मावळातल्या भातखाचरांत हे चालते. संजीवनी माचीवर चालत नाही. माची काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की ३० मीटरच्या एका चौकटीत माचीचा माथा आणि खालचा उतार हे दोन्ही येतात आणि मिळणारी उंची त्या दोन्हींची सरासरी असते. त्यात ट्रॅकचा बिंदू दहा-पंधरा मीटर बाजूला सरकलेला असेल तर तो थेट कड्याखालच्या चौकटीत पडतो. आलेखात मग सपाट माचीवर चाळीस-चाळीस मीटरचे खड्डे दिसतात आणि एकूण चढाचा आकडा फुगत जातो. असा फुगलेला आकडा पाहून कोणी गुडघेदुखीचा माणूस बेत रद्द करेल, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कोठल्या ट्रॅकमधला दबलेला आकडा पाहून कोणी निघेल. म्हणून डोंगरधारेच्या आणि कड्यालगतच्या वाटांना ही गाळणी लावू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मग फोनने टिपलेली उंची तशीच ठेवायची का? तीही सरसकट ठेवता येत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये जीपीएसकडून येणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. भारतीय द्वीपकल्पात समुद्रसपाटीची पातळी या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, पुण्याच्या परिसरात साठ मीटरांहून अधिक. त्यामुळे नोंदणीच्या ॲपने ही दुरुस्ती केलेली नसेल, तर १,४०३ मीटर उंचीचा तोरणा फोनवर तेवढ्या फरकाने बुटका दिसतो. ही चूक सर्व बिंदूंना जवळपास सारखीच लागू असल्यामुळे तिच्यावरचा उपायही सोपा आहे, आणि तो क्यूमॅपशॅकमध्ये आहे: सर्व बिंदूंच्या उंचीत एकच ठरावीक आकडा मिळवणारी गाळणी. तो आकडा कसा काढायचा, यासाठी मी पुढील रीत ठरवून घेतली आहे. वाट सुरू होते ते गाव सहसा सपाटीवर असते आणि सपाटीवर एसआरटीएमची उंची भरवशाची असते. गुंजवण्याच्या गावठाणात माउस नेऊन खालच्या पट्टीतली उंची वाचायची, ट्रॅकच्या तेथील काही बिंदूंची उंची पाहायची, दोन्हींतला फरक काढायचा, तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या टोकालाही हेच करायचे आणि दोन्ही फरक जवळपास सारखे आले तर तोच आकडा मिळवायचा. फरक सारखे आले नाहीत तर ट्रॅकची उंची मधे कोठे तरी घसरली आहे असे समजावे आणि तो भाग शोधावा. त्यानंतर मध्यमक काढून आलेख मऊ करणारी गाळणी लावावी. ती प्रत्येक बिंदूच्या आजूबाजूच्या काही बिंदूंतला मधला आकडा घेते, त्यामुळे एखादा उडालेला बिंदू सरासरीला ओढून नेत नाही, तो सरळ बाजूला पडतो. दोन-तीन मीटरची थरथर प्रत्येक पावलाला चढ म्हणून मोजली जाते आणि दिवसअखेर शेकडो मीटरचा खोटा चढ जमा होतो. या गाळणीने तो बराचसा निघून जातो.

तयार झालेला ट्रॅक दुसऱ्याला देतानाही एक काळजी घ्यावी. लपवलेले बिंदू क्यूमॅपशॅकला लपलेले दिसतात ते त्याने फाइलमध्ये जोडलेल्या स्वतःच्या खुणांमुळे. त्या खुणा दुसऱ्या ॲपला कळतीलच असे नाही. म्हणून मी मूळ ट्रॅक इतिहासासह माझ्याकडे ठेवते, त्याची प्रत काढते, त्या प्रतीतले लपवलेले बिंदू कायमचे काढून टाकणारी गाळणी लावते आणि अशी प्रतच साध्या, जोडण्या नसलेल्या जीपीएक्स रूपात जतन करून देते. वर्णनाच्या चौकटीत कोणत्या महिन्यात चाललो, धारेवरच्या खिंडीतला डांबरी रस्ता कोठे ओलांडला, पाणी कोठे मिळाले आणि कोणता तुकडा मी हाताने दुरुस्त केला, हे चार ओळींत लिहिते. परतीच्या जीपमध्ये नोंद बंद करायचे राहून गेले असेल, तर तो तुकडा ट्रॅक कापण्याच्या साधनाने वेगळा करते.

वाटांची आखणी करण्यासाठी राउटिनो आणि बीराउटर यांची जोडही या सॉफ्टवेअरला आहे, पण सह्याद्रीतल्या कितीतरी पायवाटा अजून ओपनस्ट्रीटमॅपवर आलेल्याच नाहीत, त्यामुळे मला तिचा उपयोग सायकलीच्या बेतांपुरताच झाला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चौकटी फार आहेत आणि लहान पडद्याच्या लॅपटॉपवर नकाशाला जागा उरत नाही. नको असलेल्या चौकटी बंद करायला शिकणे हा पहिल्या आठवड्याचा अभ्यास आहे. गाळण्यांची यादी लांब आहे आणि तिच्यात कोणती गाळणी बिंदू लपवते व कोणती मूळ आकडा बदलते, हे नावांवरून चटकन समजत नाही. गिटहब या संकेतस्थळावरची माहितीपुस्तिका तपशीलवार आहे, परंतु ती आधीच नकाशाशास्त्र ठाऊक असलेल्या माणसासाठी लिहिल्यासारखी वाचली जाते. ज्यांना केवळ दोन ट्रॅक जोडायचे आहेत किंवा शेवटचा तुकडा कापायचा आहे, त्यांना जीपीएसप्रून हे जावावर चालणारे छोटे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे पडेल. त्यात केलेला बदल मागे घेण्याची सोय चांगली आहे आणि नकाशाही मेनूतून लगेच सुरू होतो. मात्र ज्यांच्या ट्रॅकवर इतर माणसे चालणार आहेत, त्यांनी क्यूमॅपशॅक शिकण्यासाठी दोन-तीन रविवार जरूर द्यावेत.

राजगड-तोरणा धारेचा माझा ट्रॅक मी आता तीन वेळा चालून आणि तीन नोंदी एकमेकींवर ठेवून पक्का केला आहे, आणि अळू दरवाजाखालची ती बाजूला जाणारी रेषा त्यात नाही. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे चढणाऱ्या नळीच्या वाटेचा ट्रॅक मात्र मी अजून कोणाला दिलेला नाही. तेथे दोन्ही बाजूंना कातळ आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी असते, बिंदू घळीच्या दोन्ही भिंतींवर उधळलेले असतात आणि चुकीचे म्हणून लपवायला घेतले तर राखण्यासारखे थोडेच उरतात. त्या वाटेसाठी मी रेषा काढून टाकली आहे आणि पायथा, पाण्याची जागा, दोरी लागणारे टप्पे आणि माथा एवढेच वेपॉइंट ठेवले आहेत.